पाव इंची आणि तीन सुती इम्पॅक्ट गोट्या: कुठं चालवायच्या आणि कुठं हात आवरायचा

गॅरेजला नवीन लागलेला पोरगा दोन-तीन महिन्यांत बॅटरीवरची छोटी गन आणतोच, १२ व्होल्टची, पंज्यात मावणारी, आणि लगेच विचारतो, मेस्त्री, याला छोट्या इम्पॅक्ट गोट्या घेऊ का, का सेटमधल्या चकचकीत गोट्याच चालतील? गोटी म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट, आणि इम्पॅक्ट गोटी म्हणजे ठोके देत फिरवणाऱ्या मशीनवर चालणारी. जुने मेस्त्री म्हणतात इम्पॅक्ट म्हणजे अर्धा इंचीच, चाकाचे नट खोलायला, छोट्यात पैसे घालवू नकोस. मी टू-व्हीलर पण करतो आणि छोट्या कार पण, दोन्ही मापाच्या गोट्या रोज हातात असतात, त्यामुळं माझं मत आधीच सांगून टाकतो. तीन सुती इम्पॅक्ट गोट्या घ्याच, रोज लागतील. पाव इंचीचा अख्खा सेट घेऊ नका, मोजक्या तीन-चार बास. आणि दोन्ही फक्त बोल्ट सोडवायला, कसायला नाही. हे शेवटचं ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठीच पुढचं सगळं लिहितोय.

आधी मापाचं, कारण दुकानात घोळ तिथंच होतो. एका इंचाचे आठ सूत, म्हणून पाव इंच म्हणजे दोन सूत, ३/८ म्हणजे तीन सूत आणि अर्धा इंच म्हणजे चार सूत. हे माप गोटीच्या मागच्या चौकोनी भोकाचं, नटाच्या बाजूचं नाही. एमएममध्ये सांगायचं तर ६.३५, ९.५ आणि १२.७. आता गंमत अशी की इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ज्यात स्क्रूचे बिट खटकन बसतात तो, त्याच्या तोंडालाही सगळे पाव इंचीच म्हणतात, पण ते तोंड षटकोनी असतं आणि गोटीचं भोक चौकोनी असतं. आकडा तोच, आकार वेगळा. त्यामुळं ड्रायव्हरवर गोटी थेट बसतच नाही, मधे अडॅप्टर लागतो, एका बाजूला षटकोनी दांडी आणि दुसऱ्या बाजूला चौकोन. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवीला जाऊन नुसतं "पाव इंची द्या" म्हणालात तर काय हातात पडेल सांगता येत नाही, म्हणून मशीन सोबत न्या आणि काउंटरवरच बसवून बघा. इम्पॅक्ट रेंच असेल तर त्याला पुढं चौकोनच असतो, मग अडॅप्टरची भानगड नाही. ज्याला अजून मशीन घ्यायचंय आणि काम गॅरेजचंच आहे त्यानं सरळ तीन सुती चौकोनाचं रेंच घ्यावं. ड्रायव्हर सुताराला आणि फर्निचरवाल्याला जास्त उपयोगी, आपल्याला कमी.

आता चकचकीत गोटी आणि काळी गोटी यात फरक काय. रंगाचा तर नक्कीच नाही. चकचकीत गोटी बहुतेक क्रोम व्हॅनेडियम स्टीलची, तिला कडक केलेली असते, भिंत पातळ आणि वर क्रोमचा मुलामा. हाताच्या रॅचेटला, म्हणजे गोटी लावून एकाच बाजूला पिळणाऱ्या दांडीला, हे उत्तम, कारण पातळ भिंत अडचणीत घुसते आणि कडक असल्यामुळं तोंड लवकर झिजत नाही. पण कडक वस्तू ठोका सहन करत नाही, काचेसारखं वागते. इम्पॅक्टची काळी गोटी बहुतेक क्रोम मोलिब्डेनम स्टीलची असते, थोडी कमी कडक पण चिवट, भिंत जाड, वर फॉस्फेट किंवा ऑक्साईडचा काळा थर. ठोका बसला की ती किंचित ताणली जाते आणि परत जागेवर येते. फार मारली तर फाकते, तिला चीर पडते, पण तुकडे होऊन उडायचं प्रमाण फार कमी. इम्पॅक्ट मशीन सलग पिळत नाही हे लक्षात घ्या, आत एक हातोडा फिरत असतो आणि तो पुढच्या दांडीवर ठोके देतो, मिनिटाला तीन-तीन हजार ठोके, आणि त्यातला प्रत्येक ठोका गोटीच्या कोपऱ्यांवर येतो.

मी हे शिकलो ते अंगावर घेऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कारचा अल्टरनेटर काढत होतो, १४ एमएम डोक्याचा बोल्ट, काळी गोटी सापडेना, घाई होती, म्हणून चकचकीत १४ ची लावली आणि खटका दाबला. दोन सेकंद झाली असतील, फट्ट आवाज आला आणि गोटी उभी चिरली. एक तुकडा डाव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला, तीन टाके पडले. तुकडा केवढा होता म्हणाल तर अर्ध्या शेंगदाण्याएवढा, पण त्याची कड ब्लेडसारखी. तोच डोळ्याला लागला असता तर आज मी हे लिहीत नसतो. त्या दिवसापासून माझ्याकडं नियम आहे की मशीनवर चकचकीत गोटी दिसली की मशीन बंद, मग ती कितीही छोटी गन असो. "१२ व्होल्टनं काय होतंय" असं म्हणणारे भेटतात, पण १२ व्होल्टचा साधा ड्रायव्हरसुद्धा १०० न्यूटन मीटरच्या (पिळायचा जोर मोजायचं माप) आसपास जोर देतो आणि नवीन ब्रशलेस तीन सुती रेंच तर त्याच्या दुप्पट-तिप्पट देतात. चष्मा लावाच. पोरं चष्म्याचा कंटाळा करतात, पण गाडीखाली उताणं पडून काम करताना गंज सगळा डोळ्यातच येतो, गोटी फुटायचीही गरज नाही.

आता जोराचं गणित, कारण पाव इंची आणि तीन सुती यातला खरा फरक इथं आहे. दांडीची पिळ सोसायची ताकद जाडीच्या घनानं वाढते, म्हणजे चौकोन दुप्पट झाला की ताकद दुप्पट नाही, आठपट. हाताच्या रॅचेट आणि दांड्यांची जी टेस्टिंग होते त्यात पाव इंचीला साधारण ६० न्यूटन मीटर, तीन सुतीला २०० च्या आसपास आणि अर्धा इंचीला ५०० च्या आसपास जोर लावून बघतात, बघा हिशोब बरोबर जुळतो. चांगल्या इम्पॅक्ट गोटीचं स्टील यापेक्षा जास्त सोसतं, ठोकाही क्षणाचाच असतो, पण चौकोन तेवढाच राहतो. म्हणून १०० न्यूटन मीटरच्या ड्रायव्हरवर पाव इंचीचा अडॅप्टर लावून अडकलेल्या बोल्टवर दहा सेकंद टर्रर्र करत राहिलात तर बोल्ट तुटेल नाहीतर अडॅप्टरची मान पिळून तुटेल, दोन्हीतलं एक नक्की.

आणि समोर बोल्ट कुठला आहे ते बघा. आपल्या गाड्यांवर छोट्या गोटीचं गिऱ्हाईक म्हणजे एम६, एम८ आणि एम१० चे बोल्ट, एमच्या पुढचा आकडा म्हणजे आट्यांची जाडी एमएममध्ये. एम६ च्या बोल्टला डोकं ८ किंवा १० चं असतं, तो स्टीलमध्ये १० न्यूटन मीटरवर कसतात, म्हणजे जुन्या मॅन्युअलच्या भाषेत एक किलोग्रॅम-मीटर (अंतराचा किलोमीटर नाही). एम८ ला डोकं १२ किंवा १३ चं, कसायचा साधारण २५ वर. एम१० ला १४, १६ किंवा १७ चं डोकं आणि पन्नाशीच्या आसपास जोर. हे साध्या ८.८ ग्रेडच्या (हा आकडा बोल्टच्या ताकदीचा) बोल्टचे मोघम आकडे, आपल्या गाडीचा खरा आकडा मॅन्युअलमधनंच घ्यायचा. आता १० वर कसलेला एम६ किती जोरावर तुटतो? पंधरा-वीसवर त्याची मान जाते. आणि तुमच्या हातात १०० ची गन आहे. मशीनमध्ये दम नाही ही अडचण कधीच नसते, अडचण ही की दम फार आहे आणि बोल्ट नाजूक आहे.

मग छोटी इम्पॅक्ट गोटी घ्यायचीच कशाला? तर वेळ आणि मनगट. रोजच्या एका कामाचं सांगतो, ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचं बेल्टचं कव्हर. कडेनं सगळे एम६ चे बोल्ट, डोकं ८ चं, लांबी वेगवेगळी. हाताच्या टी-पान्यानं एकेक बोल्ट काढायचा म्हणजे आधी झटका, मग दहा-बारा फेऱ्या, आणि दिवसात अशा चार स्कूटर आल्या तर संध्याकाळी मनगट बोलायला लागतं. पाव इंची ८ ची लांब गोटी, ड्रायव्हर एक नंबरच्या स्पीडवर, खटका अर्धाच दाबायचा, बोल्ट सुटल्याचा आवाज बदलतो, ठोक्याचा टरटर आवाज जाऊन नुसता फिरल्याचा आवाज येतो, की झालं. दोन मिनिटांत कव्हर मोकळं. मी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून भोकं पाडलीत, काढलेला बोल्ट ज्या जागेचा तिथंच पुठ्ठ्यात खोचायचा, म्हणजे लांब बोल्ट आखूड भोकात जाऊन खाली टेकायचा प्रश्न नाही. कव्हर काढताना ते जागेवर बसवणाऱ्या दोन डॉवेल पिना खाली पडतात, त्या आधी बाजूला घ्या.

आत गेलं की पुढच्या पुलीचा नट आणि मागच्या क्लचचा नट. इथं पाव इंची विसरा. तीन सुती रेंच आणि काळी गोटी, नाहीतर सरळ अर्धा इंची. इम्पॅक्टचा इथला मोठा फायदा हा की पुली धरून ठेवायला होल्डर नसला तरी नट सुटतो, कारण ठोका इतका पटकन येतो की पुलीला फिरायला सवडच मिळत नाही. पण परत बसवताना होल्डर लागतोच, पुलीची बाहेरची थाळी आट्यांवर नाही, दातऱ्यांवर बसते, ती दातऱ्यांत नीट बसलीय का हे हातानं फिरवून बघायचं आणि मग टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरावर कसता येतो तो. मशीननं दाबून बसवली आणि थाळी वाकडी अडकली असेल तर दातरे जातात, मग थाळी पण नवीन आणि कधी क्रँकपण.

कारमध्ये तीन सुतीची जागा अजून मोठी. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर, एअर फिल्टरचा बॉक्स, बॅटरीचा ट्रे, रेडिएटरचा फॅन, अल्टरनेटर, एसीच्या कॉम्प्रेसरचे बोल्ट, ब्रेक कॅलिपरच्या सरकत्या पिनांचे बोल्ट, स्टार्टर. जिथं अर्धा इंची गन आत घालायलाच जागा नाही तिथं छोटं रेंच आणि आखूड गोटी अगदी आरामात जाते. आणि अजून एक, इम्पॅक्टचा उलटा झटका हाताला फार येत नाही, त्यामुळं पान्यासारखं सटकून बोटं रेडिएटरवर सोलपटत नाहीत. ज्यांनी हातपान्यानं बोटं सोलून घेतलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको. कॅलिपर ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याचे बोल्ट, खालच्या आर्मचे बोल्ट, चाकाचे नट, एक्सलचा मोठा नट, हे मात्र अर्ध्या इंचीचं काम. तीन सुतीवर १९ ची गोटी मिळते, बसते पण, काही रेंच चाकाचा नट सोडवतात पण, पण रोज त्याच्यावर तेच काम केलं तर मशीनच्या पुढच्या चौकोनाचे कोपरे गोल होतात आणि मग गोटी डुगडुगायला लागते.

सोडवायची पद्धत. गोटी डोक्यावर पूर्ण बसवा, अर्धी बसवून खटका दाबणं म्हणजे बोल्टचं डोकं गोल करायची तयारीच. डोक्यावर चिखल, रंग, गंज असेल तर आधी तारेच्या ब्रशनं खरवडा. सहा कोपऱ्यांचीच गोटी वापरा, बारा कोपऱ्यांची मशीनवर नको, ती टोकांवर धरते आणि डोकं खाते. आणि माप खरं आहे का बघा, १२ च्या डोक्यावर १३ ची गोटी बसल्यासारखी वाटते, हातानं हळू फिरवलं तर फिरते पण, ठोका बसला की डोकं साफ. मारुतीला १०, १२, १४, १७ असं चालतं, टाटा-महिंद्राकडं १३ जास्त येतो, गॅरेजमध्ये दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असल्या की हमखास गोट्यांची अदलाबदल होते.

मशीन बोल्टच्या सरळ रेषेत धरा आणि पुढं दाब द्या, दुसरा हात मशीनच्या मागं. खटका अर्धा, एक-दोन सेकंद. नाही सुटला तर थांबा. पुन्हा एक-दोन सेकंद. नाही सुटला तर आता मशीन उलटं करून कसायच्या बाजूला अगदी पाव सेकंद टिचकी द्या आणि मग परत सोडवायच्या बाजूला, बऱ्याच वेळा गंजाची पकड यानं मोडते. तरी नाही तर तेल मारून पंधरा मिनिटं दुसरं काम करा. घाई करून काही मिळत नाही.

कोकणातनं आलेल्या गाड्यांचं वेगळंच असतं. रत्नागिरी, मालवणकडची बाईक खोलायला घेतली की सायलेन्सरच्या तोंडाचे नट आणि स्टड (हेडमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट) मिळून एकच लोखंडाचा गोळा झालेला असतो, खारी हवा आणि चार महिने पाऊस. तिथं छोट्या इम्पॅक्टनं नट फिरतो खरा, पण नट एकटा फिरत नाही, स्टडला घेऊन फिरतो किंवा स्टड मानेत तुटतो. सुरुवातीच्या काळात मी असाच एक एम६ चा स्टड हेडमध्ये तोडला, पोरानं आदल्या रात्री तेल मारायचं विचारलं होतं आणि मीच नको म्हणालो होतो. पुढं लेथवाल्याकडं हेड नेऊन ड्रिल करून स्टड काढावा लागला, गिऱ्हाईकाची गाडी दोन दिवस अडकली आणि त्याचे पैसे मी त्याच्याकडनं घेतले नाहीत, घेणं बरोबरही नव्हतं. आता अशा नटाला रात्री तेल, सकाळी परत तेल, मग गॅसच्या टॉर्चनं नट गरम करायचा, स्टड नाही, नट, आणि मग आधी हाताच्या पान्यानं अंदाज घ्यायचा. पान्याला तो बोल्ट स्प्रिंगसारखा लागला, म्हणजे फिरतोय असं वाटतं पण सोडलं की मागं येतो, तर त्याला मशीन लावायचं नाही, तो पिळतोय, सुटत नाहीये. हा अंदाज हातालाच येतो, मशीनला येत नाही. टॉर्चच्या आधी पेट्रोलचा पाइप आणि टाकी लांब करा, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

लॉकिंगचं केमिकल लावलेल्या बोल्टलाही तेच. डिस्कच्या थाळीचे बोल्ट बऱ्याच बाईकवर असे असतात, ॲलन किंवा स्टारचं डोकं. त्याला आधी उष्णता, मग इम्पॅक्टच्या दर्जाची बिट-गोटी, आणि बिट डोक्यात हातोडीनं हलकं ठोकून खोल बसवायची. साध्या बिटनं खाच खाल्ली तर मग काम वाढलं.

कसायचं आता. माझं म्हणणं साधं आहे, पहिले तीन-चार आटे बोटांनी, मधलं अंतर हवं तर मशीननं नुसतं फिरवून आणा, ठोका सुरू व्हायच्या आधी थांबा, आणि शेवटचं हातानं, टॉर्क पान्यानं. लोक म्हणतात माझ्या बोटाला अंदाज आहे. मलाही वाटायचं. एका स्कूटरच्या गिअर ऑइलचा ड्रेन बोल्ट एका पोरानं मशीननं कसला, एकच टर्र केलं, फार नाही. ती गाडी पुढच्या सर्व्हिसिंगला आली तेव्हा बोल्टबरोबर अॅल्युमिनियमचे आटे स्प्रिंगसारखे गुंडाळून बाहेर आले, चांदीच्या तारेसारखे, बोल्टला चिकटून. आटे त्या एका टर्रमध्येच गेले होते, आपल्याला कळलं चार महिन्यांनी. कव्हरला नवीन आट्याची स्प्रिंग बसवून घेतली, हेलिकॉइल म्हणतात ती. स्टीलचा बोल्ट आणि अॅल्युमिनियमचं घर, यात कायम घर हरतं. म्हणून इंजिनची कव्हरं, ड्रेन बोल्ट, टॅपेट कव्हर, ब्रेकचं ब्लीडर निपल, हेडचे बोल्ट यांना कसताना मशीन जवळपण आणायचं नाही. स्पार्क प्लगला तर सोडवतानाही नाही, आतली चिनी मातीची नळी ठोक्यानं तडकते आणि बाहेरून दिसत नाही, गाडी मिसिंग करते आणि तुम्ही दुसरीकडंच शोधत बसता. सेन्सरलाही नाही.

एक्स्टेंशन आणि जोड. जितके सांधे तितका ठोका मरतो. गोटी, अडॅप्टर, लांब दांडी, वाकणारा जोड, प्रत्येकात थोडी ढिल असते आणि लांब दांडी स्वतःच स्प्रिंगसारखी पिळून ठोका पिऊन टाकते. पाव इंचीला सहा इंचाची दांडी लावली तर बोल्टपर्यंत फार काही पोचतच नाही. काही वेळा हे चांगलं असतं, नाजूक बोल्टला मी मुद्दाम दांडी लावतो. पण अडकलेल्या बोल्टला लांब दांडीऐवजी लांब गोटी घ्या, एकच तुकडा, सांधा नाही. दांडी आणि वाकणारा जोडसुद्धा काळाच पाहिजे, गोटी काळी आणि जोड चकचकीत असं बरेच जण करतात आणि मग जोडाची पिन उडते. तीन सुती मशीनवर अडॅप्टर लावून अर्धा इंची गोटी चालवणं एक वेळ ठीक, पण अर्धा इंची मोठ्या गनवर उलटा अडॅप्टर लावून तीन सुती गोटी चालवू नका, तीन सुतीच्या गोटीवर ८०० न्यूटन मीटरची गन म्हणजे पुढं काय होणार ते वर सांगितलंच आहे. षटकोनी दांडीचा अडॅप्टर ही झिजायची वस्तू समजा, दोन जास्तीचे ठेवा, तुटला की काम थांबत नाही.

काय घ्यायचं ते सांगतो. तीन सुतीत लांब गोट्या आधी, कारण लांब गोटी आखूडचं बरचसं काम करते आणि बाहेर आलेल्या स्टडवरही बसते: ८, १०, १२, १३, १४, १७. मग आखूडमध्ये १०, १२, १४, जागा नसते तिथं. एक तीन इंची काळी दांडी. पाव इंचीत फक्त ८ आणि १०, फार तर ७ आणि १२, बास. १३ च्या पुढं पाव इंचीत घेऊच नका, एवढ्या मोठ्या डोक्याचा बोल्ट पाव इंचीचं काम नाही. तीन सुती १० ची गोटी दोन घ्या, १० ची हरवतेच, प्रत्येक गॅरेजात हरवते. ज्यांचं काम फक्त स्कूटर-बाईक सर्व्हिसिंग आहे आणि मशीन षटकोनी तोंडाचा ड्रायव्हर आहे त्यांनी पाव इंची चार गोट्या, त्यांचा पाव इंची अडॅप्टर आणि तीन सुतीचा एक अडॅप्टर घेऊन सुरुवात करावी, मोठा सेट पुढं बघू.

घेताना बघायचं काय? जाडी तर बघाच, पण आतले कोपरे बघा, चांगल्या गोटीचे कोपरे किंचित गोलसर कोरलेले असतात, म्हणजे बोल्टच्या टोकावर नाही, सपाट बाजूवर जोर येतो. भोक मधोमध आहे का बघा, गोटी दांडीवर लावून हातानं फिरवा, डुगडुगली तर ठेवून द्या. बाजारात साध्या गोट्यांना काळा रंग मारून इम्पॅक्ट म्हणून विकतात, त्यात भिंत पातळ असते आणि नखानं किंवा किल्लीनं खरवडलं तर काळ्याखाली चमक दिसते. पंजाबात जालंधर-लुधियानाकडं हत्यारांचा मोठा धंदा आहे, आपल्याकडं नाशिकची टपारिया आहे, देशी माल वाईट असतो असं अजिबात नाही, मला देशी गोट्यांनी वर्षानुवर्षं साथ दिलीय. फक्त गोटीवर माप आणि कंपनीचं नाव कोरलेलं पाहिजे, कोऱ्या गोटीला जबाबदार कोणी नसतं. जाड भिंतीमुळं काही खोलगट जागांत इम्पॅक्ट गोटी जाणार नाही, तिथं चकचकीत गोटी आणि हाताचं रॅचेट, मशीन नाही. काळी गोटी हाताच्या रॅचेटवर वापरली तर काहीच बिघडत नाही, उलटं चालत नाही एवढंच.

मशीन नसेल आणि घ्यायचंही नसेल तरी एक हत्यार ठेवा, हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. जाड लोखंडी मूठ, हातोडीचा घाव घातला की आत दाबला जाऊन थोडासा फिरतो. १९८५ ते ९६ च्या यामाहा आरएक्स १०० बाईक अजून आमच्याकडं येतात, त्यांच्या इंजिनच्या बाजूच्या कव्हरला फुल्लीचे स्क्रू असतात, आणि तीस वर्षांत कोणी ना कोणी त्यांची फुल्ली खाल्लेली असते. तिथं बॅटरीची गन लावली तर बिट वर उडी मारतो आणि उरलीसुरली फुल्ली जाते. हातोडीवाला आत दाबतो आणि त्याच वेळी फिरवतो, म्हणून स्क्रू सुटतो. त्याचा पुढचा चौकोन बहुतेक अर्ध्या इंचीचा किंवा तीन सुतीचा येतो, तीन सुतीचा मिळाला तर वरच्याच गोट्या त्यावर बसतात.

जपणूक फार नाही. काळ्या थराला गंज लवकर येतो, क्रोमसारखं नाही, म्हणून संध्याकाळी तेलाच्या फडक्यानं पुसायच्या, पावसाळ्यात तर रोज. काळ्यावर कोरलेलं माप वर्षभरात दिसेनासं होतं, मी घरातनं नेलपॉलिश आणून पट्टे मारलेत, १० ला लाल, १२ ला पांढरा, १३ ला पिवळा, १४ ला हिरवा, गाडीखालनं हात बाहेर काढून "पिवळी दे" म्हटलं की पोरगा बरोबर देतो. गोटी मशीनवर धरणारी पिन किंवा रबराची रिंग ढिली झाली की बदला, नाहीतर गोटी बोल्टवरच राहते आणि मशीन रिकामं बाहेर येतं.

आणि दर रविवारी गॅरेज झाडायच्या आधी सगळ्या काळ्या गोट्या आणि अडॅप्टर उजेडात घेऊन बघतो, चौकोनी भोकाच्या कोपऱ्यात केसासारखी चीर आहे का, तोंड फाकलंय का, अडॅप्टरची मान पिळलीय का. मानेवरची सरळ रेघ तिरकी दिसली तर तो पिळलाय. अशी वस्तू मी लगेच ग्राइंडरवर धरून तिचं तोंड कापून टाकतो आणि मगच भंगारच्या डब्यात, कारण नुसती डब्यात टाकली तर घाईच्या दिवशी कोणीतरी ती परत काढून मशीनला लावतंच.